झरोका पूर्वेला होता: निसर्ग वादळातले अठ्ठेचाळीस तास

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. नारळी-पोफळीच्या मोडलेल्या बागा, उडालेली कौलं, आडवे झालेले विजेचे खांब सगळ्या महाराष्ट्रानं पाहिले. घाटावर त्याच दुपारी मावळ, मुळशी, खेड, जुन्नर या पट्ट्यातली पॉलिहाऊसं गेली. त्याबद्दल फार कमी लिहिलं गेलं. पवन मावळातल्या एका छोट्या पॉलिहाऊसची ही हकिगत. ते माझ्या थोरल्या चुलतभावाचं, दादाचं. लॉकडाऊनमुळे मी त्या दिवसांत गावीच होतो, म्हणून शेवटचे दोन दिवस जवळून पाहता आले.

सोमवार, 1 जून, दुपारी साडेतीन: 48 तास बाकी

त्याच पहाटे अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तीव्र झालं होतं. हवामान खात्याची नोंद झाली, मोबाइलवर बातमी आली आणि ती तशीच वर सरकली. मावळात वळवाचा पाऊस होऊन गेला होता, भाताच्या रोपासाठी तरवे भाजून झाले होते आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच विषय होता: बाजार कधी उघडणार.

दादाच्या पॉलिहाऊसमधल्या जरबेऱ्याच्या फुलांचा पूर्ण लग्नहंगाम लॉकडाऊनमध्ये वाया गेला होता. मार्चअखेरीपासून फुलं तोडायची आणि बांधावर टाकायची, एवढंच काम उरलं होतं. तोडली नाहीत तर झाड बसतं, म्हणून तोडायची. मजूर आपापल्या गावी गेलेले, बँकेचा हप्ता मात्र जागच्या जागी.

पॉलिहाऊस 560 चौरस मीटरचं, म्हणजे साडेपाच गुंठ्यांचं. 28 मीटर लांब, 20 मीटर रुंद, दोन बे, म्हणजे शेजारी-शेजारी दोन छपरं. अनुदानाच्या योजनेतलं हे सगळ्यात लहान मापांपैकी एक. जीआय पाइपचा सांगाडा, गटर चार मीटरवर, माथा सहा मीटरच्या वर. त्यावर 200 मायक्रॉनचा पेपर. आमच्याकडे प्लास्टिक कोणी म्हणत नाही, पेपरच म्हणतात. हा पेपर चौरस मीटरला दोनशे ग्रॅमसुद्धा भरत नाही.

दोन्ही बेच्या माथ्याला लांबच्या लांब टॉप व्हेंट, म्हणजे गरम हवा बाहेर जायचा झरोका. त्याला फक्त कीटकरोधक जाळी. झरोक्याचं तोंड पूर्वेला. मावळात पाऊस येतो पश्चिमेकडून, वारं येतं पश्चिमेकडून, तेव्हा त्याला पाठ द्यायची आणि तोंड पूर्वेला ठेवायचं, हा इथला साधा आणि योग्य नियम. पाच पावसाळे या नियमानं ते घर उभं राहिलं होतं.

मंगळवार, 2 जून, सकाळी साडेसात: 32 तास बाकी

आता बातमी रायगडची होती. किनाऱ्यावर ताशी 100 ते 110 किलोमीटरचा वारा, झोत 120 पर्यंत. बचाव पथकं पोचत असल्याचं टीव्ही दाखवत होता.

आप्पा, म्हणजे दादाचे वडील, ओसरीवर बसून होते. "सह्याद्री हाय की मधी," ते म्हणाले. "तिकडचं वारं इकडं कधी आलंय?"

आप्पांच्या बोलण्यात त्यांचा अख्खा जन्म होता. जूनमध्ये महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर तीव्र चक्रीवादळ येणं इतकं दुर्मिळ, की जिवंत माणसाच्या आठवणीत तसं काही नव्हतं. पण अलिबागचा किनारा ते पवन मावळ हे अंतर सरळ रेषेत साठ-सत्तर किलोमीटर. शेकडो किलोमीटर पसरलेल्या वादळाला ते अंतर काहीच नाही. डोंगर वाऱ्याचा जोर काही ठिकाणी मोडतो आणि काही ठिकाणी, खिंडीच्या तोंडाशी आणि दरीत, तोच जोर गोळा करून पुढे लोटतो.

दादा काही बोलला नाही. चहा अर्धा ठेवून पॉलिहाऊसकडे गेला.

मंगळवार, दुपारी बारा: साडेसत्तावीस तास बाकी

याच सुमारास समुद्रातल्या त्या कमी दाबाच्या क्षेत्राचं चक्रीवादळ झालं आणि त्याला नाव मिळालं. 'निसर्ग' हे नाव बांगलादेशानं सुचवलेलं.

पॉलिहाऊसमध्ये कामाला सुरुवात झाली होती. हाताशी दादा, वहिनी, मी आणि शेजारच्या वाडीतली दोन पोरं. आधी उडण्यासारखं सगळं आवरलं: रिकामी कॅरेट, औषधांचे डबे, पंपघराच्या छपरावर दगड ठेवून दाबलेला जुना पत्रा. सुटा पत्रा हा पॉलिहाऊसचा पहिला वैरी. वाऱ्यानं पेपर फाटायला वेळ लागतो, पत्र्याच्या कोपऱ्यानं तो एका फटक्यात फाटतो. मग पाण्याची टाकी काठोकाठ भरून घेतली. वादळात वीज जाणार हे नक्की होतं आणि ड्रिप बंद पडलं तर जरबेरा वाऱ्यानं नाही तर तहानेनं मेला असता.

मग स्प्रिंग. हे काम बारकाईनं सांगावंसं वाटतं, कारण घर टिकणार की जाणार ते इथंच ठरतं. पाइपवर अॅल्युमिनियमची पन्हळ बसवलेली असते, तिला प्रोफाइल म्हणतात. पेपर त्या पन्हळीत दाबायचा आणि वरून नागमोडी तारेची स्प्रिंग बोटांनी आत-बाहेर, आत-बाहेर करत बसवत जायची. पूर्ण पेपर फक्त या पकडीवर असतो. उन्हापावसानं स्प्रिंगवरचं प्लास्टिकचं आवरण उडतं, तार गंजते, गंज पेपरला खातो आणि नेमक्या त्याच रेषेत पेपर कातरल्यासारखा सुटतो. वहिनी शिडीवर चढून हाताच्या तळव्यानं प्रोफाइल चाचपत पुढे सरकत होती. जिथं स्प्रिंग बोटाला हलली, तिथं तिनं वरून दुसरी स्प्रिंग चढवली. कोपऱ्यांना सगळीकडे दुहेरी. दक्षिणेच्या अंगाला वीतभर चीर सापडली, तिला दोन्ही बाजूंनी टेप लावली. वीतभर चीर रोजच्या दिवसाला काहीच नसते. वादळात फाटायला सुरुवात तिथूनच होते.

दुपारचं जेवण तिथंच, बेडच्या मधल्या वाटेत बसून झालं. बाहेर हवा पूर्ण पडलेली. पान हलत नव्हतं.

मंगळवार, दुपारी चार: साडेतेवीस तास बाकी

दादा मोबाइलवर वाऱ्याचा नकाशा पाहत होता, ज्यात बाण फिरताना दिसतात. त्यानं मला हाक मारली.

"हे बघ. बाण कुठनं येतायत?"

बाण पूर्वेकडून येत होते.

आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचं वारं केंद्राभोवती घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतं. वादळ आमच्या नैर्ऋत्येला समुद्रात असताना आणि तिथून आमच्याकडे सरकताना, आमच्या अंगावर येणारं वारं पूर्वेचं, आग्नेयेचं असणार होतं. ते पश्चिमेकडून येणार होतं केंद्र ओलांडून गेल्यावर, म्हणजे शेवटी. जे घर पाच वर्षं पश्चिमेला पाठ करून उभं होतं, त्याच्या उघड्या तोंडात पहिला आणि जोराचा वारा थेट शिरणार होता.

हे किती गंभीर आहे ते आकड्यांतच कळतं. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो. ताशी 45 किलोमीटरच्या वाऱ्याचा चौरस मीटरला साधारण साडेनऊ किलोचा भार येतो, वेग दुप्पट होऊन 90 झाला की तो चौपट, म्हणजे अडतीस किलोच्या आसपास. पॉलिहाऊस म्हटलं की लोकांना वाटतं, वारं भिंतीला ढकलतं आणि घर आडवं पडतं. बहुतेक वेळा तसं होत नाही. वारं गोलसर छपरावरून वेगानं जाताना छपराला वर ओढतं. घर चारही बाजूंनी बंद असेल तर 90 च्या वाऱ्यात आमच्या साडेपाच गुंठ्यांच्या छपराला वर ओढणारा भार ढोबळ हिशेबानं दहा-अकरा टन. वारं येतं त्याच बाजूला मोठी फट असेल, तर बाहेरून ओढ आणि आतून रेटा अशा दोन्ही गोष्टी एकाच दिशेनं काम करतात आणि तो भार पंचवीस टनांच्या घरात जातो. मुख्य खांब एकवीस. म्हणजे एका खांबाला टनाहून जास्त वजनानं उपटण्याची ओढ. खांबाच्या बुडाशी फूटभर रुंद, अडीच फूट खोल खड्ड्यात जे काँक्रीट आहे, ते भरतं सव्वाशे किलोच्या आसपास. उरलेलं सगळं मातीच्या पकडीवर. आणि माती वळवानं भिजलेली.

अनुदानाच्या निकषांत सांगाडा ताशी 120 किलोमीटरचा वारा सोसणारा असावा असं लिहिलेलं आहे. निकष चांगला आहे. पण तो सांगाड्याला लागू. वाऱ्याच्या दिशेला उघड्या राहिलेल्या झरोक्याचं काय, हा प्रश्न कागदावर कोणी विचारलेला मला दिसलेला नाही.

मंगळवार, संध्याकाळी साडेसहा: 21 तास बाकी

झरोका बंद करायचा, पण कशानं? बाजूचे कर्टन हँडल फिरवून वर-खाली होतात, टॉप व्हेंटला तशी सोय नव्हती. ती जाळी कायमची. नवा पेपर आणायचा तर दुकान तळेगावला, आणि लॉकडाऊनमध्ये ते उघडं आहे की नाही हे फोन न उचलणाऱ्या दुकानदारालाच ठाऊक.

मागच्या खेपेला उतरवलेला जुना पेपर गोठ्यात गुंडाळून ठेवला होता. तो काढला, पट्ट्या कापल्या. पोरं गटरमध्ये चढली आणि तिथून शिडी लावून माथ्यापर्यंत. पूर्वेकडच्या बेचा झरोका अंधार पडेपर्यंत जुन्या पेपरनं झाकून झाला, खाली-वर स्प्रिंग मारून. स्प्रिंग संपली तिथं शेडनेटची पट्टी दुमडून नायलॉनच्या दोरीनं जाळीला शिवली. पश्चिमेकडच्या बेचा झरोका निम्मा झाला.

"उरलेला सकाळी," दादा म्हणाला. अंधारात सहा मीटरवर ओल्या पाइपवर पोरांना चढवायचं नाही, हे त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं. मला ते तेव्हाही पटलं, आजही पटतं.

छपरावरून दोऱ्याही टाकल्या. एका बाजूच्या गटरपासून दुसऱ्या बाजूपर्यंत, पेपरवरून नागमोडी. दोरी पेपरला फडफडू देत नाही. पेपर एका जोराच्या झोतानं क्वचितच जातो, तो तासन् तास फडफडून कडेला थकतो आणि मग जातो. दोरी एका बेला पुरली.

मंगळवार, रात्री साडेनऊ: 18 तास बाकी

जेवणं झाली आणि मग खरा वाद झाला.

दादाचं म्हणणं होतं, पेपर उतरवून टाकू. आत्ता, रात्रीच, बाजूचे कर्टन सोडून आणि छपराच्या स्प्रिंगा काढून. पेपर गेला तर गेला, तसाही तीन-चार वर्षांनी बदलावाच लागतो. सांगाडा राहिला पाहिजे, कर्ज सांगाड्यावर आहे. पेपर नसेल तर वाऱ्याला धरायला काही उरत नाही, नुसत्या पाइपांमधून तो निघून जातो.

आप्पा उखडले. "धड पेपर आपल्या हातानं फाडायचा? आन् वारं आलंच न्हाई तर? पाऊस आला म्हंजे जरबेऱ्याच्या गड्ड्यात पाणी, सगळं पीक कुजंल. हप्ता कशातनं भरायचा?"

आप्पांचं चुकत नव्हतं. जरबेऱ्याचं झाड जमिनीलगत असतं, त्याच्या मधोमध, जिथून पानं-फुलं निघतात तिथं, पाणी साचलं की बुरशी लागते आणि झाड बुडातून सुटतं. सगळा आटापिटा पाऊस बाहेर ठेवण्यासाठीच तर होता.

वहिनी दोघांचं ऐकत होती. शेवटी म्हणाली, "उद्या ठरवायचं म्हणाल तर उद्या कोणी वर चढणार नाही. जे ठरवायचं ते आत्ता ठरवा. किती वारं झालं की पेपर सोडायचा?"

त्या दोन दिवसांतलं हे सगळ्यात शहाणं वाक्य होतं. पण उत्तर नीट ठरलं नाही. ठरलं ते इतकंच: सकाळी उरलेला झरोका झाकायचा, कोपऱ्यांना ताण द्यायचे आणि छप्पर फुगायला लागलं तर पश्चिमेचा, म्हणजे वाऱ्याच्या आडोशाचा कर्टन खालून कापायचा. आडोशाच्या बाजूला तोंड उघडलं की आत कोंडलेली हवा बाहेर ओढली जाते आणि आतला रेटा कमी होतो. बुडातलं शास्त्र बरोबर होतं. निर्णयाची वेळ मात्र वाऱ्यावर सोडली गेली.

बुधवार, 3 जून, पहाटे साडेपाच: 10 तास बाकी

निसर्ग आता तीव्र चक्रीवादळ झालं होतं. इथं झिमझिम पाऊस, आणि वारं पूर्वेचं. हलकं, पण पूर्वेचं.

आम्ही कोपऱ्यांच्या बाहेर खड्डे घेतले. तीन फूट खोल, तळाशी मोठा दगड आडवा, त्याला तार बांधून ती वर काढायची, खड्डा मुरूम टाकून धुमसायचा आणि तार गटरच्या जोडाला ताणून बांधायची. नुसता खुंट ठोकला तर भिजल्या मातीतून तो वर येतो, पुरलेला दगड वर यायचा तर अख्खी माती उचलावी लागते. चारांपैकी तीन ताण झाले. चौथ्या कोपऱ्याला, आग्नेयेला, दोन फुटांवर कातळ लागला. पहार वाजत राहिली, खड्डा खोल जाईना. तिथं दगड पुरायला माती नव्हती, मग तार विहिरीच्या कठड्याला नेऊन बांधली.

झरोक्याचं उरलेलं काम राहिलं. पाऊस आणि निसरडे पाइप, दादानं कोणालाही वर जाऊ दिलं नाही.

सकाळी दहा: साडेपाच तास बाकी

दाराला आतून आडवा बांबू, बाहेरून तार. दार सुटलं की झरोक्याचीच गत होते, तेही जमिनीपासून. वीज गेली.

दुपारी साडेबारा: 3 तास बाकी

अलिबागच्या दक्षिणेला वादळ किनारा ओलांडायला लागलं. पुढचे दोन तास ते काम चाललं. तिथं वाऱ्याचा वेग 110 ते 120 होता. आमच्याकडे झाडांचे शेंडे पश्चिमेला वाकून तसेच राहिले होते, सरळ होतच नव्हते. झोत आणि झोतामधली विश्रांती संपली, की वारं पक्कं बसलं असं समजायचं.

दुपारी दोन: दीड तास बाकी

पॉलिहाऊसमध्ये आता कोणी नव्हतं. दादानं सगळ्यांना पंपघराच्या पक्क्या भिंतीआड आणलं होतं. तिथून घर समोर दिसत होतं. पूर्वेच्या बेवर पेपर दोऱ्यांच्या मधून फुगे धरत होता आणि सोडत होता. पश्चिमेच्या बेवर दोरी नव्हती, तिथं छप्पर एकसंध वर उचललं जायचं आणि आपटायचं. त्या आपटण्याचा आवाज पावसातून येत होता.

"कापायचा का?" मी विचारलं.

दादा आप्पांकडे बघून म्हणाला, "अजून धरलंय."

दुपारी सव्वातीन: 15 मिनिटं बाकी

पूर्वेकडच्या झरोक्यावरची शेडनेट शिवणीवर उसवली. ज्या भागात स्प्रिंग कमी पडली होती, तिथूनच. आधी एक हात, मग एका मागोमाग पूर्ण पट्टी, आणि ती घराच्या आतल्या बाजूला लोंबायला लागली. म्हणजे वारं आत शिरत होतं. पुढच्याच झोतात दोन्ही बेचं छप्पर ताठ फुगलं आणि खाली आलं नाही.

दादा उठला. बांबूला कोयता बांधून ठेवला होता, तो घेऊन पश्चिमेच्या अंगाला, घराच्या आडोशानं गेला. वहिनी ओरडली, "आत जाऊ नका!" तो आत गेला नाही. बाहेरून, जमिनीवर उभं राहून, पश्चिमेच्या कर्टनला खालून वर पाच-सहा चिरा दिल्या आणि मागे पळत आला. चिरांमधून हवा बाहेर फेकली गेली, कर्टनच्या चिंध्या बाहेरच्या बाजूला आडव्या उडत होत्या. पश्चिमेच्या बेचं छप्पर त्यानंतर उलट्या बाजूनं, माथ्यावरून फाटलं आणि एक सबंध पट्टा मोकळा होऊन भाताच्या खाचराकडे गेला. त्या बेला वाऱ्यानं धरायला काही उरलं नाही.

पूर्वेच्या बेचा पेपर मात्र दोऱ्यांनी आणि दुहेरी स्प्रिंगांनी घट्ट धरलेला होता.

दुपारी साडेतीन

विहिरीच्या कठड्याला बांधलेली तार तुटली. आग्नेयेचा खांब काँक्रीटसकट वर आला, त्याच्याबरोबर पुढचे दोन. गटर वळलं आणि पूर्वेच्या बेचा पहिला ट्रस, मग दुसरा, मग तिसरा जरबेऱ्याच्या बेडवर झोपला. आमच्या डोळ्यांसमोर, फार तर अर्ध्या मिनिटात. गटर उसाच्या चिपाडासारखं पिळवटून पडलं होतं.

चारनंतर वारं थोडं पडलं, मग पश्चिमेकडून आलं. ज्याला पाठ द्यायची घराला सवय होती, तेच वारं. त्यानं फारसं काही केलं नाही.

नंतर

दुसऱ्या दिवशी सरकारी माणसं पंचनाम्याला आली. मावळात त्या दिवशी पॉलिहाऊसचे इतके पंचनामे होते की त्यांना एका जागी थांबायला वेळ नव्हता. या वादळात राज्यात माणसंही दगावली होती, त्यामुळे पाइप मोडल्याचं दुःख मोठ्यानं बोलायला कोणी धजत नव्हतं. पण एका कुटुंबाची पाच वर्षांची कमाई त्या पाइपांत होती आणि पुढच्या वर्षांचे हप्ते त्याच पाइपांवर होते.

एक गोष्ट मी तिथं उभं राहून नीट पाहिली, कारण तिच्यावर नंतर बरंच बोलणं झालं. पेपर सुटलेल्या पश्चिमेच्या बेचे सगळे खांब उभे होते, दोन ठिकाणी हॉकी, म्हणजे कडेचे आधाराचे वळवलेले पाइप, वाकलेल्या, बाकी काही नाही. जिथं आम्ही सगळ्यात जास्त दोऱ्या आणि स्प्रिंगा घातल्या होत्या, त्याच बेचा सांगाडा गेला. पकड मजबूत करायची तर पायापासून माथ्यापर्यंत सारखी मजबूत हवी. पेपर पायापेक्षा मजबूत झाला की वारं पाया उपटतं. आग्नेयेचा पाया कातळामुळे मुळातच उथळ होता, ताणही तिथंच कच्चा आणि पहिला वाराही तिथूनच.

दादानं जर मंगळवारी रात्री पेपर उतरवला असता तर दोन्ही बे उभे राहिले असते, असं मला वाटतं. आप्पांना ते अजून मान्य नाही. ते म्हणतात, झरोका पूर्ण झाकला गेला असता तर पेपरही राहिला असता. दोघांच्याही बाजूनं बोलता येतं, आणि दोघांचंही ज्या गोष्टीवर एकमत आहे ती ही: शिडीवर चढून करायचं काम वाऱ्याच्या आदल्या दिवशी संपलं पाहिजे.

जरबेऱ्याचे खरे हाल पुढच्या दहा-पंधरा दिवसांत झाले. पश्चिमेच्या बेवर पाऊस थेट पडत होता. बांबूच्या कमानी करून त्यावर जुना पेपर टाकला, तरी निम्म्या बेडमध्ये गड्डा कुजलाच. पूर्वेकडे, पडलेल्या ट्रसखाली चिरडलेली झाडं सोडली तर बाकीची, वर फाटका का होईना पेपर होता म्हणून, तगली.

घर पुन्हा उभं केलं ते दिवाळीनंतर. आता कोपऱ्यांचे पाये खोल आहेत. आग्नेयेला कातळ फोडून त्यात सळई बसवली आहे. शेवटच्या दोन-दोन खांबांमध्ये तिरके पाइप आहेत, ताणाच्या तारा बारमाही आहेत. पश्चिमेला आणि पूर्वेला थोडं अंतर सोडून शेवरी आणि बांबूची दाट ओळ लावली. हवा थोडी जाऊ देणारी ओळ हवी, पक्की भिंत नको. भिंतीवरून वारं उसळतं आणि पलीकडे भोवरे घेत खाली येतं, झाडांच्या ओळीतून ते गाळून, मंद होऊन येतं आणि झाडाच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत तो आडोसा पुरतो. आणि टॉप व्हेंटला पेपरचा गुंडाळता येणारा पडदा बसवला, ज्याचं हँडल खाली जमिनीवर आहे. या हँडलचा खर्च सांगाड्याच्या मानानं किरकोळ आहे. अनुदान देताना पाइपची जाडी मोजतात, मायक्रॉन मोजतात, ते मोजलंच पाहिजे. त्याबरोबर हे हँडलही सक्तीचं करावं, निदान घाटमाथ्याच्या तालुक्यांत तरी. मी हे कळकळीनं म्हणतो, कारण लहान घरवाल्याकडे वरचा झरोका झाकायला पोरं, शिडी, जुना पेपर आणि एक कोरडा दिवस, हे सगळं एकाच वेळी असेलच असं नाही.

पंपघराच्या भिंतीवर वहिनीनं ऑइलपेंटनं लिहून ठेवलं आहे: अंदाज 60 चा असेल तर झरोके बंद, ताण आवळणे. 80 च्या वर असेल तर आदल्या दिवशी पेपर सोडणे. खाली आप्पांनी सही केली आहे.

मे 2021 मध्ये तौक्ते वादळ कोकण किनाऱ्याला समांतर वर सरकत गुजरातकडे निघालं. 16 तारखेला, रविवारी सकाळी, अंदाज पाहून दादानं दोन्ही झरोके हँडल फिरवून बंद केले, तारा आवळल्या, टाकी भरली. सोमवारी दिवसभर वारं होतं. एका कर्टनची कड सुटली, ती मंगळवारी नवी स्प्रिंग घालून बसवली.